विश्लेषण : आजोबांच्या काळातील दुनळी बंदूक घरात ठेवता येते का? दमास्कस नळीचे मोल काय आणि जोखीम काय?

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावसारख्या मोठ्या गावात किंवा आसपासच्या एखाद्या जुन्या वाड्यात आजही खुंटीवर किंवा कपाटात जुनी दुनळी बंदूक सापडू शकते. दसऱ्याला शस्त्रपूजनासाठी ती बाहेर निघते, तेल लावून पुन्हा आत जाते. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली, की ती बहुधा दमास्कस नळीची बंदूक असते. जगभरातील संग्राहक अशा बंदुकांच्या शोधात असतात. मात्र, ‘इतकी जुनी आहे, तिला परवाना कशाला?’ हा समज घरातल्यांना तुरुंगापर्यंत नेऊ शकतो आणि ‘एकदा उडवून बघू’ ही हौस हाताची बोटे घेऊ शकते. त्यामुळे अशा बंदुकीचे काय करायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

दमास्कस नळी म्हणजे नेमके काय?

आजची बंदुकीची नळी अखंड पोलादाच्या दांड्याला भोक पाडून किंवा तो ठोकून तयार होते. एकोणिसाव्या शतकात एकसंध, निर्दोष पोलादाचा लांब दांडा मिळणे अवघड होते. त्यामुळे कारागीर लोखंड आणि पोलाद यांच्या पातळ पट्ट्या एकाआड एक रचून भट्टीत तापवत आणि ठोकून एकजीव करत. त्यातून निघालेल्या सळीला लालबुंद असताना अंबाडीच्या दोरीसारखा पीळ दिला जाई. अशा दोन किंवा तीन सळ्या, एकीचा पीळ उजवीकडे तर दुसरीचा डावीकडे, शेजारी ठेवून जोडल्या की एक लांब पट्टी तयार होई. ही पट्टी लोखंडी दांड्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची, तापवायची आणि तिच्या कडा ठोकून ठोकून सांधायच्या. मग आतून भोक साफ करायचे आणि बाहेरून कानस मारायची.

शेवटी नळीवर गंज चढवणारी रसायने लावली जात. लोखंड आणि पोलाद यांच्यावर रंग वेगवेगळा चढतो, म्हणून आतला पीळ बाहेर नक्षी होऊन उमटतो. ही नक्षी वरून काढलेली नसते, ती धातूच्या अंगातच असते. बेल्जियममधील लिएज, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम, फ्रान्समधील सेंत-एतिएन आणि जर्मनीतील झूल ही या कामाची मोठी केंद्रे होती. लिएजजवळच्या व्हेद्र नदीच्या खोऱ्यातील गावांतून तयार नळ्या अनेक देशांतील बंदूककारांना जात. चांगले एकसंध पोलाद स्वस्तात मिळू लागले आणि १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियमवर जर्मनीने ताबा मिळवला, त्यानंतर हा धंदा जवळपास संपला.

‘दमास्कस’ या नावाचा दख्खनशी संबंध काय?

दमास्कस हे सीरियातील शहर. तिथल्या तलवारींची ख्याती मध्ययुगात युरोपात पोहोचली. लहरींची नक्षी असलेल्या त्या तलवारींसाठी लागणारे पोलाद मोठ्या प्रमाणावर दक्षिण भारतातून आणि दख्खनमधून जात होते. कानडी-तेलुगूतील ‘उक्कू’ म्हणजे पोलाद. त्याच शब्दावरून युरोपीय लोकांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले, असे मानले जाते. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारे वनस्पतीजन्य पदार्थ घालून ते दीर्घकाळ तापवायचे आणि सावकाश थंड करायचे, अशी ती पद्धत होती.

या पोलादाचे एक नावाजलेले गाव परभणीपासून फार लांब नाही. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी यांचे तिथल्या भट्ट्यांवरील टिपण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. इराणी व्यापारी पोलाद खरेदीसाठी तिथपर्यंत येत, अशी नोंद त्यात आहे. परभणी, नांदेड आणि निजामाबाद हे तिन्ही जिल्हे पुढे एकाच हैदराबाद संस्थानात होते.

मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. तलवारीच्या वूट्झ पोलादातील लहरी धातू थंड होताना आपोआप तयार होतात. युरोपीय बंदुकीच्या नळीतील नक्षी लोखंड आणि पोलाद जोडून, पिळून मुद्दाम घडवलेली असते. नाव एकच असले तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीळ देऊन नळी घडवण्याची कला भारतीय लोहारांनाही माहीत होती. तोड्याच्या अनेक जुन्या बंदुकांच्या नळ्यांवर ती दिसते.

या बंदुका इथपर्यंत कशा आल्या?

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे शिकारीसाठी प्रसिद्ध होते. अमीर-उमराव, जहागीरदार, देशमुख यांच्यातही शिकारीची बंदूक प्रतिष्ठेची मानली जाई. मुंबईतील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, कोलकात्यातील मँटन, आर. बी. रॉडा, लायन अँड लायन अशा विक्रेत्यांमार्फत इंग्लंड-बेल्जियमच्या बंदुका भारतभर जात.

संग्राहकांच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब म्हणजे नळीवर कोरलेले नाव नेहमीच बनवणाऱ्याचे नसते. बर्मिंगहॅम किंवा लिएजच्या कारखान्यात तयार झालेल्या बंदुकीवर विक्रेता स्वतःचे नाव कोरून घेत असे. त्यामुळे ‘लंडन’ किंवा ‘कलकत्ता’ एवढे वाचून किंमत ठरवली, तर फसगत होऊ शकते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीचा मार्ग बंद झाला. बंदूक खुंटीवर राहिली, पण तिचे मूळ काम संपले.

खरी दमास्कस नळी कशी ओळखायची?

दमास्कसची मागणी होती, तेव्हा नक्कलही होत होती. स्वस्त साध्या नळीवर आम्लाने किंवा छाप्याने लहरी उमटवून ती दमास्कस म्हणून विकली जाई. जाणकार नळीखालचे पुढचे लाकूड काढून, झाकलेल्या भागात नक्षी आहे का, ते पाहतात. दोन्ही नळ्यांमधील पट्टीजवळ पीळ कसा वळतो, तेही तपासतात. खरी नक्षी नळीला वेढा घालत जाते आणि पृष्ठभाग पॉलिश करून फिकट झाला तरी पुन्हा रंग चढवल्यावर परत येते. छापलेली नक्षी घासली की जाते.

दुसरा पुरावा म्हणजे चाचणीचे शिक्के. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम इथल्या सरकारमान्य चाचणी केंद्रांत प्रत्येक नळीत जादा दारू भरून ती उडवली जाई. त्यात टिकली तरच शिक्का मिळे. बर्मिंगहॅमचे केंद्र १८१३ पासून सुरू आहे. बेल्जियमच्या बंदुकांवर लंबगोलात ‘ई-एल-जी’ ही अक्षरे असतात. हे शिक्के बहुधा नळ्यांच्या मागच्या टोकाखाली, सपाट भागावर सापडतात. त्यावरून बंदूक कोणत्या देशातली, साधारण कोणत्या काळातली आणि कोणत्या दारूसाठी तपासलेली, हे कळते. जवळच असलेला ‘१२’ हा आकडा बोअर सांगतो. एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे केले, तर त्यातील एका गोळ्याचा जो व्यास, तो बारा बोअर. म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

अशी बंदूक आज चालवली तर काय होऊ शकते?

दमास्कस नळी म्हणजे मुळातच कमकुवत, असे म्हणणे बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत पिळाच्या आणि थरांच्या उत्तम नळ्या नव्या पोलादाच्या तोडीस तोड ठरल्या होत्या. पण त्या नळ्या तेव्हा नव्या होत्या. आज त्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या आहेत.

धोका प्रामुख्याने तीन कारणांनी येतो. पहिले कारण दारू. या बंदुका बहुतेक काळ्या दारूसाठी बनल्या. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू रायफलसाठी यशस्वी ठरली आणि पुढे तिचाच वापर सर्वत्र झाला. तिचा दाब वेगळ्या पद्धतीने वाढतो आणि नळीत पुढेपर्यंत टिकतो, म्हणजे जुनी नळी जिथे पातळ असते नेमकी तिथे.

दुसरे कारण काडतूस. जुन्या बारा बोअर बंदुकांचे काडतुसाचे घर अनेकदा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजचे सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचे असते. ही लांबी उडवल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. त्यामुळे न उडवलेले काडतूस जुन्या बंदुकीत सहज बसते आणि ‘बसले म्हणजे चालेल’ असे वाटते. उडताना मात्र त्याचे तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो.

तिसरे कारण गंज. काळ्या दारूची राख हवेतील ओल धरून ठेवते. बंदूक नीट साफ न करता ठेवली, तर पावसाळ्यामागून पावसाळे नळी आतून खात जातो. पिळाच्या नळीत असंख्य सांधे असतात. एखाद्या सांध्यात गंज शिरला, तर बाहेरून नक्षी सुंदर दिसते आणि आत भिंत पोखरलेली असते. नळी फुटते तेव्हा बऱ्याचदा खालून आधार देणारा हात त्याच ठिकाणी असतो. म्हणूनच भिंतीची जाडी मोजून आणि पुन्हा चाचणी करून घेतल्याशिवाय अशा बंदुका उडवू नयेत, असे जगभरातील जाणकार सांगतात. गावातल्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात ही तपासणी होऊ शकत नाही. शिवाय परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणे हाही गुन्हा आहे.

शंभर वर्षे जुनी आहे, मग परवाना कशाला?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या अनेक चित्रफिती अमेरिकेतल्या असतात. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि केंद्रीय नियमांतून मोठ्या प्रमाणात सुटते. भारतात तसे नाही.

भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार कोणतेही अग्निशस्त्र मिळवण्यासाठी, जवळ ठेवण्यासाठी किंवा बाळगण्यासाठी परवाना लागतो. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तिची अट कडक आहे. शस्त्र कालबाह्य पद्धतीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा नादुरुस्त असले पाहिजे आणि शिवाय ते दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. म्हणजे केवळ वय पुरेसे नाही. घोडा तुटलेली पण दुरुस्त होऊ शकणारी दुनळी या सुटीत बसत नाही. बारा बोअरची काडतुसे आजही बनतात, त्यामुळे चालू अवस्थेतील दमास्कस दुनळी कायद्याच्या दृष्टीने बंदूकच आहे.

विनापरवाना बंदूक सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. घरात निजामकाळातला उर्दू परवाना जपून ठेवला असेल, तर तो इतिहासाचा मोलाचा कागद आहे, पण आजचा परवाना नाही. जुन्या डब्यातील काडतुसांनाही परवाना लागतो आणि ती धोकादायक असू शकतात.

‘क्युरिओ’ म्हणून सवलत मिळते का?

केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र नियमांत बदल करताना ‘क्युरिओ’, म्हणजे संग्राह्य दुर्मीळ वस्तू या गटातील लहान शस्त्रांबाबत तरतूद केली. या गटातील शस्त्र मिळवण्यास व जवळ ठेवण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ते वापरायचे, बाळगून फिरायचे किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे असेल, तर परवाना लागतो. परवान्यावर नोंद नसेल, तर त्या शस्त्रासाठी काडतुसे विकता येत नाहीत.

बातमी वाचून अनेकांना सगळ्या जुन्या बंदुका मोकळ्या झाल्यासारखे वाटले. पण घरातली बंदूक क्युरिओ आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे लेखी विचारणा करून, लेखी उत्तर मिळाल्यावरच पुढचे पाऊल उचलणे शहाणपणाचे. तोंडी आश्वासनावर घरात बंदूक ठेवणे धोक्याचे आहे.

दोन बंदुकांच्या मर्यादेत संग्रह कसा होणार?

डिसेंबर २०१९ पर्यंत एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत होती. दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच होती. ज्यांच्याकडे तिसरी बंदूक होती, त्यांना ती वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास सांगण्यात आले. वारसाहक्काने परवाना मिळतानाही दोनची मर्यादा ओलांडता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट आहे. क्रीडा नेमबाजांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

त्यामुळे परदेशातल्यासारखा वीस-पंचवीस चालू बंदुकांचा खासगी संग्रह भारतात सामान्य माणसाला करता येत नाही. इथला संग्राहक एखादी चांगली बंदूक निवडतो, तिची कागदपत्रे आणि मूळ पेटी सांभाळतो. १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुकांच्या खासगी आयातीवर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या इंग्लिश आणि बेल्जियन बंदुकांना भाव आहे. ज्यांना अशी शस्त्रे पाहायची आहेत, त्यांच्यासाठी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालय इथे शस्त्रांची दालने आहेत.

परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी काय करावे?

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. आजोबा गेले की त्यांच्या परवान्यावर नातवाला बंदूक ठेवता येत नाही. अशा वेळी विलंब न लावता बंदूक आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत आणि पावती घ्यावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीवरील नाव आणि वस्तूची अवस्था लिहून घ्यावी. जमा करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. जमा केली म्हणजे हक्क गेला, असे होत नाही. ठरलेल्या मुदतीत कायदेशीर वारस परवाना मिळवून ती परत घेऊ शकतो किंवा तिची विल्हेवाट लावू शकतो. मुदत उलटून गेली, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. अनेक घरांतल्या चांगल्या बंदुका याच दिरंगाईत हातच्या जातात.

शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये आणखी एक सोय आहे. परवानाधारकाचे वय ७० वर्षे झाले किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे राहिली, यापैकी जे आधी घडेल तेव्हा हयातीतच तो वारसाचे नाव सुचवू शकतो. वृद्ध परवानाधारक असलेल्या घरांनी हा मार्ग वेळेत वापरला, तर पुढची धावपळ वाचते. वारसाला इतर अर्जदारांप्रमाणेच पोलीस पडताळणीला सामोरे जावे लागते. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. परवान्याची नोंद राष्ट्रीय ऑनलाइन माहितीकोषात होऊन विशिष्ट ओळख क्रमांक मिळाला आहे का, तेही तपासावे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, नूतनीकरणाची तारीख चुकवू नये.

बापजाद्यांपासूनची बंदूक विनापरवाना घरात पडून असेल, तर ती लपवणे, विहिरीत टाकणे किंवा कापून टाकणे हे मार्ग नव्हेत. नळी आखूड करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. वकिलाच्या सल्ल्याने आणि लेखी अर्ज करून ती जमा करणे, हाच सुरक्षित मार्ग.

शेतीच्या राखणीसाठी ती वापरता येईल का?

रानडुक्कर आणि रोही यांच्या उपद्रवाने शेतकरी हैराण आहेत, त्यामुळे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पीक किंवा स्वसंरक्षणाच्या कारणासाठी बंदुकीचा परवाना मागता येतो. पण बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. आणि ती मिळाली, तरी शंभर वर्षांची दमास्कस नळी हे त्या कामाचे हत्यार नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

विकायची किंवा परदेशी पाठवायची असेल तर?

परवानाधारक आपली बंदूक दुसऱ्या पात्र परवानाधारकाला विकू शकतो. त्यासाठी खरेदीदाराचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि किमान ४५ दिवस थांबावे लागते. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकून परस्पर सौदा करणे महागात पडू शकते. परदेशातील लिलावांतले आकडे पाहून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. शंभर किंवा अधिक वर्षे जुनी, ऐतिहासिक किंवा कलाकुसरीचे मोल असलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार ‘पुरावशेष’ ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

म्हणूनच बाजारभावापेक्षा घराण्याच्या आणि गावाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून या बंदुकीचे मोल अधिक टिकाऊ आहे. नळीवरची नावे, शिक्के, क्रमांक, जुने परवाने आणि बंदूक कोणाकडून कोणाकडे आली, ही माहिती घरातल्या ज्येष्ठांकडून आजच लिहून घेता येते. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. बंदूक पुढे वारसाकडे राहो, संग्रहालयात जावो किंवा जमा होवो, लिहिलेली माहिती कुटुंबाकडेच राहते.